बेंजामिनच्या बापाच्या कबरीवर दोन बायका

हा किस्सा आमच्या घरात प्रत्येक लग्नाला आणि बाप्तिस्म्याला निघतो, आणि दर वेळी मी त्यात आधीपेक्षा जास्त गाढव होतो. म्हणून म्हटलं, एकदा आपणच सांगून टाकावा. जेवढा होतो तेवढाच दिसेन. तुम्ही चहा घ्या, माझ्यापायी गार करू नका.

तेव्हा मी डिप्लोमा सोडला होता आणि नाशिकरोडला गाड्यांच्या नंबर प्लेट आणि दुकानांच्या पाट्या रंगवत होतो. घरात माझं नाव निघालं की सगळे मान हलवायचे. सगळ्यात जास्त शांतवनकाका. पप्पांचे थोरले भाऊ, रिटायर्ड हेडमास्तर. या माणसाला पाणी मागायचं असलं तरी सुरुवात विहिरीपासून. मी ठरवूनच टाकलं होतं, यांचं वाक्य पुरं ऐकायचं नाही.

त्या साली रूथआत्याच्या पोटात गाठ निघाली. आत्या म्हणजे काकांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, जन्म नर्सगिरीत घालवला. डॉक्टर म्हणाले, फार तर वर्षभर. आत्या म्हणाली, "मग माझी जागा बघून येऊ."

जागा म्हणजे कबर. आमच्यात जुनी कबर उघडून त्याच घरातल्या माणसाला तिच्यात ठेवतात. आत्याला तिच्या आईजवळ जायचं होतं. तिची आई, म्हणजे माझी आजी सगुणाबाई, आत्या अगदी लहान असताना गेली. पुरली नामपूरकडच्या एका खेड्यात, चर्चच्या मागच्या आवारात. आणि तिथल्या पाळकसाहेबांनी कळवलं होतं की आवार भरलंय. ईस्टरपर्यंत जे आपली कबर ओळखून चुना लावतील, तिच्यावर त्यांचा हक्क. बाकीच्या सपाट होणार. ज्या कबरीवर वाद असेल ती कोणासाठीच उघडणार नाही.

आता आजीची कबर कुठली? कोणालाच धड माहीत नाही. कारण इतक्या वर्षांत आमच्या एकाही मोठ्या माणसानं तिच्यावर नाव घातलं नव्हतं. प्रार्थनेत मात्र दर रविवारी आई, आई. माझं डोकंच फिरलं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी जीप करून निघालो. मी, आत्या, काका, चुन्याची बादली आणि माझा काळ्या ऑइलपेंटचा डबा. सटाण्यापर्यंत काकांचं मिशनऱ्यांच्या आगमनावर भाषण. मी खिडकीबाहेर बघत होतो.

आवारात गाजरगवत छातीएवढं. आत्या एका दगडावर बसली आणि म्हणाली, "मला एकच आठवतं. बाबांकडं दगडाला पैसे नव्हते. त्यांनी आईच्या जात्याची तळी रोवली होती."

मी गवतात घुसलो. हात कापले, पण जातं सापडलं. जमिनीत अर्धं गाडलेलं, मधलं भोक वर दिसत होतं. जात्याच्या पूर्वेला सिमेंटचा चांगला कट्टा, त्यावर क्रॉस रोवायला खाच, पण क्रॉस नाही. पश्चिमेला नुसतं गवत.

आमच्यात मुडद्याचं डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. पुनरुत्थानाला उठला की तोंड उगवतीकडं. दगड उशाला. म्हणजे जातं उशाला, आणि आजी जात्याच्या पूर्वेला, कट्ट्याखाली. दुसरी शिकलेली मुलं काय करतात ते मला माहीत नाही, मी तरी अर्ध्या मिनिटात हिशेब लावला.

काका म्हणाले, "थांब. त्या जात्याची एक गोष्ट आहे. आमचे वडील त्या वेळी..."

"काका, इतकी वर्षं गप्प बसलात ना? आता पण गप्प बसा."

"अरे पण पलीकडं..."

"गप्प बसा म्हटलं ना."

काका गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा. मला वाटलं, जिंकलो.

कट्ट्याला चुना दिला. त्यावर काळ्या पेंटनं, शेडिंगसकट, लिहिलं: सगुणाबाई, प्रभूमध्ये निद्रिस्त. खाली जागा उरली. मी आत्याला विचारलं, "तुझं पण लिहून ठेवू का? नंतर एवढ्या लांब कोण येणार?"

काकांनी डोळे मिटले. आत्या म्हणाली, "लिही. डबल हात दे, टिकलं पाहिजे."

लिहिलं. रूथ. डबल हात.

रात्री पाळकसाहेबांकडे मुक्काम. पहाटे सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन आवारात आली. गाणं चालू होतं. तेवढ्यात मागून एक माणूस खांद्यावर नवाकोरा रंगवलेला लाकडी क्रॉस घेऊन आला. बेंजामिन, गावातला टेलर. सोबत त्याची आई मार्थाबाई, काठी टेकत. दोघं सरळ आमच्या कट्ट्यापाशी येऊन उभे राहिले.

गाणं थांबलं.

"ही आमच्या बापाची कबर हे," बेंजामिन म्हणाला. "क्रॉस रंगवायला काढला होता. हे कोणी लिहिलं?"

तुम्ही म्हणाल, इथं तरी मी शहाण्यासारखं वागलो असेन. छे. मला वाटलं, हा जागा लाटतोय. मी म्हणालो, "बाप आहे तर दुसरीकडं शोधा. ही आमची आजी आहे."

"माझा बाप बाई कधी झाला?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

मार्थाबाई मेणबत्ती जवळ धरून वाचत होत्या. अक्षर अक्षर. मग त्यांनी लेकाकडं वळून अहिराणीत विचारलं, "हाई सगुणा कोन शे?"

"आई, चूक झालेली हे यांची."

"चूक नही. माले तव्हाच वाटे." त्या खालची ओळ वाचायला लागल्या. "आनि हाई रूथ? दोन?"

"रूथ मी," आत्या दगडावरून म्हणाली. तिला वाटलं ओळख करून द्यावी.

मार्थाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू तर जित्ती शे."

"हो. पण मला इथंच यायचंय."

मागं बायकांच्यात कुजबुज पेटली. बेंजामिनचा बाप चर्चचा पंच होता म्हणे. मार्थाबाई कबरीवर काठी आपटून बोलत होत्या, "मनमाडले कामले जास म्हणे. दर महिनाले." बेंजामिननं माझी कॉलर धरली. मी त्याच्या हातातला क्रॉस धरला. पाळकसाहेब मध्ये पडले.

"वाद आहे म्हणजे कबर बंद. कोणालाच मिळणार नाही. कमिटीला मी आजच सांगतो."

तेव्हा मी आत्याकडं बघितलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि उठायला लागली, दवाखान्यातली ड्यूटी संपल्यासारखी.

"शांतवन," ती म्हणाली, "तुला काही माहीत आहे का रे?"

काकांनी माझ्याकडं बोट केलं. "यानं मला गप्प बसायला सांगितलंय."

"मी सांगते, बोल."

आणि काका बोलले. प्रस्तावना नाही, इतिहास नाही. "आई गेली तेव्हा कोणीतरी जातं उशाला रोवायला लागलं. बाबा म्हणाले, जन्मभर तिनं जातं ओढलं, आता डोक्याशी तरी नको. पायाशी ठेवा. म्हणजे आई जात्याच्या पश्चिमेला आहे. गवतात."

मार्थाबाईंची काठी थांबली. "जातावाली सगुणा? नाशिकले गयात त्यासनी माय?" त्यांनी गवताकडं काठी केली. "ती तठे शे. मी नवी नवरी व्हती, तिनी मातीले येल व्हती."

बेंजामिननं माझी कॉलर सोडली. गवत बाजूला केलं तर खाली दगडांची लांबट रास होती, पायथ्याशी जातं. पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, वाद आहे का? बेंजामिन म्हणाला, नाही. आत्या राशीजवळ खाली बसली, दगडावर हात ठेवून.

मार्थाबाई मात्र नवऱ्याच्या कट्ट्याशी वाकून म्हणाल्या, "सगुणानं मिटनं. मनमाडनं नही मिटनं."

मला शिक्षा मिळाली ती टर्पेंटाइनची. एप्रिलच्या उन्हात दुपारभर घासत होतो, बेंजामिन क्रॉसच्या सावलीत बसून सुपारी कातरत होता. सगुणाबाई निघाली. रूथ निघेना. डबल हात.

आणि आत्या? आत्या पाच वर्षं जगली. डॉक्टरही आमच्या काकांच्या वयाचाच होता, त्याला काय कळणार? पाचही वर्षं मार्थाबाई ईस्टरला आम्हाला विचारायच्या, "ती रूथ अजून ऱ्हायनी का?" कारण नवऱ्याच्या कबरीवर तिचं नाव पुसट का होईना दिसायचंच.

मग आत्या गेली. आईच्या कबरीत ठेवली, तिला हवं होतं तसं. माती लोटून झाली, मंडळी उभी होती, मी पेंटचा डबा उघडला आणि हात थांबला. नाव उशाला लिहायचं की पायाशी, जात्यावर?

"काका, कुठं लिहू?"

काका बघत राहिले.

"काका, विचारतोय मी."

"तू मला गप्प बसायला सांगितलं होतंस," काका म्हणाले. "रूथनं बंदी उठवली होती ती तिच्यापुरती. तू अजून बोला म्हणाला नाहीस."

सगळी मंडळी माझ्याकडं बघत होती. बेंजामिन तर सुपारी चघळायचा थांबला.

"काका, बोला," मी म्हणालो.

तेव्हापासून काका बोलताहेत.