टाकी हुंगायचं काम

सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, घशाला कर्करोग झाला आणि स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. तेव्हापासून ते गळ्याला ठेवलेल्या छिद्रातून श्वास घेतात. नाकातून आत जाताना हवा ओलसर होते, ती सोय गेली. म्हणून साताऱ्याच्या आमच्या घरात ह्युमिडिफायर आला. पाण्याची टाकी, खाली बटण आणि वरून गार धुकं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "टाकी घाण राहिली तर ती घाण थेट फुप्फुसात जाईल."

उमेदीची सगळी वर्षं फौजेत काढलेल्या आबांनी ते यंत्र ताब्यातच घेतलं. रोज सकाळी शिळं पाणी ओतून द्यायचं, टाकी धुऊन फडक्यानं कोरडी करायची, उकळून गार केलेलं पाणी भरायचं. दर रविवारी व्हिनेगर घालून बुडाशी धरलेला पांढरा थर सोडवायचा, खाचाखोचा जुन्या टूथब्रशनं घासायच्या, मग टाकी खळखळून धुवायची. माझा हात लागलेला त्यांना खपत नसे. मला राग यायचा. घरातली बाकीची भांडी मीच घासत होते ना!

एकदा रहिमतपूरच्या चुलतसासूबाई त्यांना बघायला आल्या. मी भाजी घेऊन परतले तर फाटकापासूनच नीलगिरीचा भपकारा. आत आबा खोकून खोकून लाल झालेले आणि तरीही यंत्राला चिकटून बसलेले.

"अगं, नुसत्या पाण्यानं काय हुतंय?" चुलतसासूबाई म्हणाल्या. "तेलाचं चार थेंब टाकलं म्या. छाती कशी मोकळी हुईल बघ."

मी धावत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. "आबा, एवढा वास सुटलाय, तुम्हाला आला नाही?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. नाकातून हवाच जात नाही तर वास कसा येणार? इतके महिने एका घरात राहून आमच्या कुणाच्या हे डोक्यात आलं नव्हतं, आणि त्यांनीही कळू दिलं नव्हतं. आपण जी हवा ओढतोय ती चांगली की कुबट, हे त्यांना स्वतःला कधीच कळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धुतलेली टाकी घेऊन आबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी ती माझ्या नाकाखाली धरली. मी हुंगून म्हटलं, "पास." मग हे रोजचंच झालं. कधी ओल्या फडक्यासारखा वास आला की मी "नापास" म्हणे आणि ते निमूट मागे फिरत. बोलता येत होतं तेव्हा "चहा" आणि "फाटक लाव" याच्या पलीकडे सुनेशी त्यांचं बोलणं नव्हतं. आता टाकी हुंगून झाली की मी शेजारच्यांच्या चहाड्या सांगायची आणि ते खांदे हलवत हसायचे. माहेर सोडल्यापासून इतकं मन लावून माझं कुणी ऐकलं नव्हतं.

पुढे विश्रामबागेत, माझ्या माहेराजवळच, अशा रुग्णांना वाचा-उपचार देणाऱ्या एका बाईंनी त्यांना वास येण्यासाठी व्यायाम शिकवला. ओठ मिटून, तोंडातल्या तोंडात जांभई द्यावी तसा जबडा खाली करायचा, म्हणजे थोडी हवा नाकात शिरते. आबा घरी तासन्‌तास तेच करत. "रवंथ चाललंय का?" मी चिडवायची. पण वास काही येईना. हळूहळू त्यांनी व्यायामच कमी केला. मी चिडवायचं थांबवलं.

एका सकाळी आबा टाकी घेऊन आले, पण पुढे करेनात. ओठ मिटले, जबडा खाली केला, परत केला आणि जोरजोरात मान हलवली. नापास.

मी वाकून हुंगलं. मला काहीच वास येईना. "चांगली आहे की हो!"

त्यांनी झाकणाची रबरी रिंग नखानं उचकटून माझ्या नाकाला लावली. अगदी पुसट, पण कुबट वास होता. मला आला नव्हता, त्यांना आला होता.

मी तिथेच रडायला लागले. ते मात्र नाक मुरडून माझ्यामागे बोट दाखवत होते; कढईत लसूण करपत होता. त्या करपलेल्या लसणाचं मला इतकं कौतुक वाटलं की गॅस बंद करायचं भानच राहिलं नाही.

आता टाकी हुंगायचं माझं काम गेलं, असं मी धरून चालले होते. थोडं वाईटही वाटत होतं. दुसऱ्या दिवशी आबा दारात आले. आधी त्यांनी स्वतः हुंगलं, समाधानानं मान डोलावली, आणि मग टाकी माझ्या नाकाखाली धरून मी बोलायला लागायची वाट बघत उभे राहिले.