शुक्रवारच्या रकान्यातली मुलं

मी संशयी बाई आहे. घरातले सगळे हे मला तोंडावर सांगतात, आणि पाठीमागे आणखी काय काय सांगत असतील याचाही मला संशय आहे. भाजीवाल्याने काटा उचलला की माझी नजर भाजीवर जात नाही, त्याच्या करंगळीवर जाते. हा गुण वडिलांचा. वसईला आमची वाडी होती, पानवेली होत्या. विड्याच्या पानांची जुडी सख्ख्या भावाने बांधलेली असली तरी वडील ती सोडायचे आणि पानं पुन्हा मोजायचे. काका चिडायचे. वडील शांतपणे म्हणायचे, "तू चीड, मी मोजतो." मोजून झाल्यावर पानं बरोबर निघाली तरी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान नसायचं, उलट थोडी निराशाच दिसायची.

अशा माणसाच्या मुलीला महापालिकेच्या महिला व बालकल्याण विभागात नोकरी लागली आणि काम मिळालं ते संस्था तपासण्याचं. महापालिका बरीचशी पाळणाघरं स्वतः चालवत नव्हती. एखादी संस्था ती चालवायची आणि महापालिका तिला अनुदान द्यायची. सेविकेचं मानधन, मदतनिसाचं मानधन, मुलांचा खाऊ, सगळं त्यातून. मुलं खरोखर येतात की नुसती कागदावर आहेत, हे बघायला माझ्यासारखी कुणीतरी जायची. तिच्या चार ओळींवर ते पाळणाघर चालायचं किंवा बंद पडायचं.

मी हे काम डोळ्यांत तेल घालून केलं. उगाच नाही. फुलपाड्यात एका संस्थेची दोन केंद्रं होती, दोन गल्ल्या सोडून. पहिलं केंद्र बघून झालं की मॅडमना चहा, मग बिस्कीट, मग पुन्हा चहा, असा थाट. मला कळेना, हे लोक मला इतकं का बसवून ठेवतात. दुसऱ्या केंद्रात गेले तर एका मुलाचं नाक ओळखीचं वाटलं. पुढच्या खेपेला मी पर्समध्ये शिक्क्याची गादी नेली. पहिल्या केंद्रात लाड करायच्या निमित्ताने प्रत्येक पोराच्या डाव्या अंगठ्याच्या नखाला निळा ठिपका लावला. नंतर दोन चहा मुकाट्याने प्यायले. दुसऱ्या केंद्रात अकरा निळी नखं सापडली. साहेबांनी त्या दिवशी सगळ्या विभागासमोर माझं कौतुक केलं, आणि मला ते फार आवडलं. खरं सांगायचं तर त्या कौतुकानेच पुढे घात केला. त्यानंतर मी मुलं मोजायला जात नव्हते, चोर पकडायला जात होते.

सातिवलीचं केंद्र माझ्याकडे आलं ते त्यानंतर. दोन निवृत्त शिक्षिकांची छोटी संस्था. एका बाजूला प्लॅस्टिकचे डबे बनवणारा कारखाना, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याच्या खोक्यांचं गोदाम, आणि मधल्या गाळ्यात पाळणाघर. आसपासच्या गाळ्यांत पॅकिंगला बसणाऱ्या बायकांची मुलं तिथे असत. सेविका जवळच्याच भातशेतीच्या गावातली, पन्नाशीची, आवाज खणखणीत. पहिल्या भेटीत मला चोवीस मुलं दिसली. सगळ्यांच्या डोक्याला तेल, भांग पाडलेले, चटया सरळ, भिंतीवर पाढे. कुणी रडत नव्हतं.

मला ते अजिबात आवडलं नाही. खऱ्या पाळणाघरात एक तरी पोर रडत असतं आणि एकाने तरी चड्डी ओली केलेली असते. इतकी टापटीप म्हणजे कुणीतरी विभागातून फोन केला असणार. मी छान छान म्हटलं, लिंबूसरबत प्यायले आणि मनात गाठ मारली की पुढच्या वेळी न सांगता यायचं.

पुढच्या वेळी मी शुक्रवार निवडला. शुक्रवार का, तर त्या दिवशी मला दुसरं काम नव्हतं, एवढंच. सातिवलीतले गाळे शुक्रवारी बंद असतात हे मला ठाऊक होतं. आमच्याकडे कारखान्यांची आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असते हे वसईत सगळ्यांनाच ठाऊक आहे. रिक्षातून उतरल्यावर शटर खाली ओढलेली पाहून मी मनाशी म्हटलंदेखील, आज मुलं थोडीच असणार.

आत सहा मुलं होती. शुक्रवारी धुणीभांडी नाहीतर साफसफाईची कामं करणाऱ्या बायकांची. ते ठीकच होतं. मी टेबलावरचं हजेरीपत्रक ओढलं आणि शुक्रवारच्या रकान्यावर बोट ठेवलं. रकाना वरपासून खालपर्यंत भरलेला. तेवीस खुणा. सकाळचे दहासुद्धा वाजले नव्हते.

त्या क्षणी मला राग आला नाही. आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण तो आनंदच होता, निळी नखं सापडली तेव्हाचाच.

"बाई, ही तेवीस मुलं कुठे आहेत?"

सेविका गडबडली नाही. तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "मॅडम, ती रविवारची पोरं हायेत."

"मी शुक्रवारचं विचारतेय."

"शुक्रवारी ही पाच-सहा सोडली तर कोन येनार? कंपन्या बंद. कंपन्या रविवारी चालू असतात. मग रविवारी आया पोरांना कुठं ठेवतील? आमी रविवारी उघडतो. पन तुमच्या कागदात रविवार हाय कुठं? तिथं लाल पट्टा मारलाय, सुट्टी लिवलंय. म्हनून रविवार झाला की त्याची हजेरी मी येनाऱ्या शुक्रवारात लिवते."

आज हे वाक्य वाचताना त्यात न समजण्यासारखं काही नाही. तेव्हा मी ते ऐकलं आणि मला वाटलं, काय तयार बाई आहे! उत्तर जिभेवर ठेवूनच बसली होती. प्रामाणिक माणूस पकडला गेला की अडखळतो, असा माझा पक्का समज. शिवाय रविवारी केंद्र उघडायला परवानगी लागते. तिने विचारलीच नव्हती. कारखाने चालू, आया कामावर, मग पाळणाघर चालू, इतकं तिचं साधं गणित. सहा दिवस मुलं आली, सहा रकाने भरले, मॅडमच्या कागदातही सहाच रकाने आहेत, मग चुकलं कुठे?

तेवढ्यात सकाळची धुणीभांडी उरकून एक तरुण बाई मुलीला न्यायला आली. चार वर्षांची ती मुलगी मघापासून माझ्या पर्सची चेन उघडत आणि लावत होती. आईने तिचा हात सोडवला आणि दारात थांबून आमचं बोलणं ऐकलं. मग मध्येच म्हणाली, "मॅडम, तुम्ही रविवारी या ना. कधी पण या, एकदम फुल असतं."

रविवारी या! म्हणजे तयारी करायला दोन दिवस. ही पण यांच्यातलीच, असं मी मनात म्हटलं. मी तिचं नाव विचारलं, कुठे राहतेस विचारलं. गोखिवऱ्यातल्या एका चाळीचा पत्ता तिने भाबडेपणाने सांगितला. मी तो डायरीत अशा थाटात लिहून घेतला की तिचा चेहरा उतरला. मुलीला घेऊन ती भराभर निघून गेली.

मी अहवाल लिहिला. "हजेरीपत्रक आगाऊ भरलेले आढळले. प्रत्यक्ष उपस्थिती सहा. बाब संशयास्पद." यातला एकही शब्द खोटा नव्हता. संस्थेच्या दोघी शिक्षिका साहेबांना भेटायला आल्या. साहेबांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं आणि मी त्यांना लेखी खुलासा द्यायला सांगितलं. त्यांनी दिला, मी तो फाईलला लावला. अनुदान थांबलं. दोन महिने त्यांनी कसंबसं रेटलं आणि मग गाळा सोडला. आमच्या विभागात यावर चर्चासुद्धा झाली नाही. एक बोगस केंद्र कमी झालं, इतकंच.

त्या फाईलचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. मी पुढे दुसरा अहवाल लिहिला आणि पहिला चुकीचा होता असं त्यात स्वच्छ नमूद केलं. साहेब म्हणाले, स्वतःच्या अहवालाविरुद्ध कुणी लिहितं का, पण त्यांनी सही केली. बऱ्याच खेपा घातल्यावर केंद्र पुन्हा सुरू झालं, दुसऱ्या गाळ्यात. जुनी सेविका आली नाही. मी तिच्या गावी बोलवायला गेले होते. तिने पाणी दिलं, बसायला दिलं आणि म्हणाली, "मॅडम, मला चोर बोलल्यात तुमी. आता नको." मी तिला चोर म्हटलं नव्हतं, पण वादही घातला नाही. छापील हजेरीपत्रकातला रविवार मी निवृत्त झाले तेव्हाही लालच होता.

पण दुसरा अहवाल लिहायला मी बसले कशी, ते सांगायचं राहिलं.

केंद्र बंद झाल्यावर काही महिन्यांनी घरच्या खिडकीला लोखंडी जाळी करून घ्यायची होती. सातिवलीत एक कारागीर स्वस्तात करून देतो असं कळलं. त्याने रविवारी बोलावलं. मी सकाळी गेले आणि रस्त्यावरच थबकले. सगळी शटर वर. यंत्रांचा खडखडाट, टेम्पो आडवे लावलेले, दारादारांत बायका खोक्यांच्या घड्या करत बसलेल्या. रविवारी मी तिथे कधी गेलेच नव्हते. माझा रविवार म्हणजे मटण आणि दुपारची झोप. इतकी वर्षं नोकरी त्या पट्ट्यात केली, पण सगळी सोमवार ते शुक्रवार.

सेविकेचं वाक्य आठवलं. तरीही मन लगेच वकिली करायला लागलं. कारखाने चालू असतील, म्हणून केंद्रही रविवारी उघडत होतं हे कुठे सिद्ध होतं?

जुन्या गाळ्याला कुलूप होतं. समोरच्या चहावाल्याला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, इथे पाळणाघर होतं ना? तो म्हणाला, "होतं ना. रविवारी तर नुसता गोंधळ असायचा पोरांचा. कुणीतरी मॅडमने बंद पाडलं." मी चहा अर्धा ठेवला.

डब्यांच्या कारखान्याच्या दारात ती तरुण बाई झाकणं मोजून पिशव्यांत भरत होती. तिने मला ओळखलं आणि उठून उभी राहिली. मी मुलीचं विचारलं. तिने हातातली झाकणं पिशवीत टाकली. मग खाली बघून म्हणाली, "घरी असते. खोलीला बाहेरून कुलूप लावून येते, मॅडम. दुपारी जेवायच्या सुट्टीत बघून येते. गाळ्यात आणू देत नाही मालक, मशीन आहे. शेजारची एक बाई बघायची, ती गावाला गेली." आणि घाईघाईने म्हणाली, "कोणाला सांगू नका."

इथे मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मला संशय आला. चार वर्षांच्या मुलीला कुणी कोंडून ठेवतं का? मला बघताच हिने हे रचलं असेल. त्या दोघी शिक्षिकांनी शिकवलं असेल, मॅडम कधी भेटल्या तर असं सांग, म्हणजे अनुदान सुटेल. मुलगी मजेत कुणा मावशीकडे खेळत असेल. मी जाळीचं माप कारागिराच्या हातात दिलं, डायरी काढली, पत्ता शोधला आणि गोखिवऱ्याला रिक्षा केली. तिचं खोटं पकडायला. तोपर्यंत तरी मी त्याचसाठी निघाले होते.

चाळ सापडली. अकरा वाजले असतील. ओळीतल्या बऱ्याच खोल्या बंद होत्या, माणसं कामावर गेलेली. तिच्या खोलीच्या कडीला पितळी कुलूप होतं. आत बादलीत पाणी ओतल्याचा आवाज येत होता, ओतायचं, काढायचं, पुन्हा ओतायचं. मी दार वाजवलं. आवाज एकदम थांबला.

मी पुन्हा वाजवलं. "कोण आहे आत?"

मग दाराला अगदी लागून, माझ्या गुडघ्याच्या उंचीवरून, हळू आवाज आला. "घरात कोणी नाहीये."

मी खाली बसले. तोंड दाराच्या फटीशी नेलं आणि जमेल तितक्या मऊ आवाजात विचारलं, "मग बोलतंय कोण, बाळा?"

ती आईने शिकवलेलं आठवत असावी.

"मी पण नाहीये," ती म्हणाली.