दिवसाउजेडी सांगितलेली गोष्ट

मेझियाननं आयुष्यभर फ्रेंचमध्ये कादंबऱ्या लिहिल्या, आणि डोंगरावरच्या त्याच्या गावात त्या कुणी वाचल्या नाहीत. आई प्रत्येक पुस्तक फडक्यात गुंडाळून उशाशी ठेवायची. उघडून बघायची सोय नव्हती, तिला अक्षरओळखच नव्हती. ती गेल्यावर ह्याच्या मनानं घेतलं, की एक तरी पुस्तक आपल्या कबाइली बोलीत लिहायचं. ज्या बोलीत बकऱ्या हाकल्या, शिव्या खाल्ल्या, ती शाळेनं कधी लिहायला शिकवली नव्हती. म्हातारपणी तो तिची अक्षरं गिरवत बसला.

आता पुस्तक पुरं झालं होतं आणि माणूस शिणला होता. पाठ बोलत होती, डोळे गळत होते. छापखानेवाला मागं लागला होता. फक्त फेरूजाआत्यानं एकदा 'बरं आहे' म्हणावं, म्हणजे सुटलो, एवढंच उरलं होतं.

कारण पहिली गोष्ट त्यानं आत्याच्या तोंडून ऐकली होती, हिवाळ्यात, शेगडीला पाय लावून. पुढं शहरातल्या वसतिगृहात जाडजूड रशियन कादंबऱ्यांचा त्यानं फडशा पाडला. त्यातली बर्फातली माणसं त्याला आवडायची ती आत्याच्याच आवाजात बोलायची म्हणून. हे त्यानं कुठल्या मुलाखतीत सांगितलं नाही.

दुपारच्याला बाड काखोटीला मारून तो तिच्याकडे चढून गेला. आत्या काथवटीत रव्याचा कुसकुस वळत होती. शेजारी नातवाची तान्ही पोर पाळण्यात झोपलेली.

"आत्ये, थोडं वाचून दाखवू?"

"गोष्ट आहे का?"

"कादंबरी आहे."

"गोष्ट असेल तर बाहेर हो. दिवसाउजेडी गोष्ट सांगितली तर लेकरांना टक्कल पडतं, ठाऊक आहे ना? तुझं कशानं गेलंय कुणास ठाऊक!"

"वयानं गेलंय, आत्ये. ही गोष्ट नव्हे, पुस्तक आहे."

"मग वाच बापडा. मी काय, हातानं काम करतेय, कान रिकामेच आहेत."

तो वाचू लागला. लढाईच्या वर्षी फ्रेंच सैनिकांनी गाव रिकामं करून तारेच्या कुंपणात कोंबलं, ते प्रकरण. उखडलं जाणं, हरवलेली ओळख, जखमी स्मृती. एकेक शब्द त्यानं कोरून काढला होता. आत्याचे तळवे गोल गोल फिरत राहिले. मध्येच तिनं चाळण मागितली. मग जांभई दिली.

"छान लिहितोस. रेडिओवरल्या माणसावाणी. वाच की, थांबलास का?"

तो थांबला, कारण त्याला कळलं होतं. पाळण्यात पोर उघड्या डोक्यानं झोपली होती आणि आत्याला तिची तिळमात्र काळजी वाटत नव्हती.

त्यानं बाड बाजूला ठेवलं. चिडायलाही अंगात त्राण नव्हतं. भिंतीला टेकून तो नुसता बोलायला लागला.

"एक बाई होती. गाव सोडताना सगळ्यांनी घोंगड्या घेतल्या, भांडी घेतली. हिनं जात्याचा वरचा दगड पाठीला बांधला. खालचा जड, तो घरीच राहिला. मग रोज अंधार पडला की खालचा दगड वरच्याला हाक मारायचा, 'काय दळतोस रे तिकडं?' आणि वरचा कुंपणातनं म्हणायचा—"

"गप!" आत्या ओरडली. कुसकुसाचे हात तसेच घेऊन ती पाळण्याकडे धावली आणि पोरीचं डोकं पदराखाली झाकलं. "मेल्या, बाहेर ऊन आहे! जीभ आवर!"



"काय म्हणायचा वरचा?" पोरीला थोपटत तिनं हळूच विचारलं. लगेच स्वतःच कान झाकले. "नको, नको. दिवे लागल्यावर ये."

"आत्ये, रात्री ही चढण चढवत नाही गं मला."

"मग इथंच थांब, जेवून घे. पण तोवर अवाक्षर काढायचं नाही."

तो थांबला. कुसकुस वाफेला लागला. त्यानं छापखान्याला फोन लावला.

"इतक्यात देत नाही," तो म्हणाला.

"अहो, काल तर पुरं झालंय म्हणालात! किती दिवस थांबू?"

"ते मलाही ठाऊक नाही, बाबा. पहिल्यापासून लिहायचंय." फोन ठेवून त्यानं डोळे मिटले. अजून बराच दिवस शिल्लक होता.