मासेमारी बंद, ताटात हलौमी

मंडळी, भांडी तशीच टाकून लिहितेय.

बोट विकायची असं नवऱ्यानं म्हटल्यापासून माझे सासरे, आबा, त्याच्याशी बोलत नाहीत. त्यात पावसाळ्याची मासेमारी बंद. मासळीशिवाय आबांच्या घशाखाली घास उतरत नाही.

आज दुपारी दोघं समोरासमोर जेवायला बसले आणि माझ्याकडे नुसतं वरण! आमच्या दिवेआगरच्या खोल्यांत उतरलेले पर्यटक जाताना फ्रीजमध्ये हलौमी चीज ठेवून गेले होते. ते मुळात खारट असतं आणि तव्यावर वितळत नाही. जाड काप केले, हळद-तिखट चोळलं, तापल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी लालसर भाजले, लिंबू पिळलं. मीठ अजिबात नाही. तांदळाच्या भाकरीबरोबर वाढले.

आबांनी एक काप उचलला आणि सवयीनं चाचपून काटे शोधायला लागले.

"आबा, मासा नाही तो. चीज आहे."

आता ताट सरकवतात, असं वाटलं. त्यांनी काप मोडला आणि निम्मा नवऱ्याच्या ताटात ठेवला. लहानपणापासून ते त्याला असाच काटे काढून मासा द्यायचे. भांडण झालं आणि तेही थांबलं होतं.

"खा. काटा न्हाय यात," एवढंच म्हणाले.

नवऱ्यानं मान वर केली नाही, पण खाल्लं.

बोटीचं अजून काहीच ठरलेलं नाही. चीजचं अर्धं पाकीट मात्र शिल्लक आहे आणि उद्याही दोघं घरीच जेवणार आहेत. काय करू त्याचं? पटकन सांगा.