थोडंसंच फवारलं होतं

प्रयोगशाळेत तिला सगळे तोंडावर आत्या म्हणत आणि पाठीमागे अळीआत्या. तिला दोन्ही माहीत होतं. कोबी पोखरणाऱ्या अळ्या पाळायच्या, त्यांचे पतंग होऊ द्यायचे आणि त्यांची अंडी मोजायची, हे काम ती एकोणीस वर्षं डोळ्यांत तेल घालून करत होती. शेतातल्या अळ्यांनी इतकी औषधं पचवलेली असतात, की त्यांच्यावर नवं औषध तपासणं म्हणजे मुरलेल्या दारुड्याला घोटभर पाजून चढली का विचारणं. म्हणून तुलनेसाठी एक वंश असा सांभाळावा लागतो, ज्याला कीटकनाशकाचा वाराही लागलेला नाही. आत्याचा वंश तसा होता. दोनशे ऐंशी पिढ्या, आणि एकीनंही औषध पाहिलेलं नाही. स्वतःच्या पणजीचं नाव विचारलं तर आत्याला आठवावं लागे, पण हा वंश तिला तोंडपाठ होता.

या शुद्धतेचा सगळा भार नवऱ्यावर पडला होता. तो घड्याळं दुरुस्त करी. लग्नानंतर घरात धूर किंवा फवारा कधी वर्ज्य नव्हता, पण बायको या कामाला लागली आणि डासांचं औषध गेलं, मुंग्यांची पूड गेली. "झुरळांचा फवारा या घरात आला, तर एक तर तो राहील नाहीतर मी," असं तिनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. एकोणीस वर्षं तो हातात चप्पल घेऊन बसला. ब्र काढला नाही बिचाऱ्यानं.

निवृत्तीला चार महिने उरले असताना प्रयोगशाळेतल्या नव्या शास्त्रज्ञ मॅडमचा प्रयोग आला. मॅडम आत्याच्या लेकीच्या वयाच्या, हुशार, पण घाई फार. त्यांचा प्रश्न साधा होता: औषध पातळ पडलं आणि अळी मेलीच नाही, तर पुढं काय? पहिल्या फेरीत उत्तर मिळालं. पातळ औषध चाखून जगलेल्या अळ्यांच्या माद्यांनी प्रत्येकी दोनशे चाळीस अंडी घातली, आत्याच्या शुद्ध माद्यांनी नेहमीची एकशे साठ. म्हणजे अर्धवट मारलेली अळी नुसती जगत नव्हती, तर वचपा काढत होती. खात्रीसाठी दुसरी फेरी घेतली, तर शुद्ध माद्यांचीही दोनशे तीस भरली.

"म्हणजे पहिल्या वेळी योगायोग होता, आत्या," मॅडम म्हणाल्या. "थोड्या औषधानं काही फरक पडत नाही, असंच सोमवारी अहवालात लिहून देते."

कोबीच्या रसात बुडवलेल्या चंदेरी पट्ट्यांवर माद्या अंडी घालत; आत्यानं ती भिंगाखाली तीनदा मोजली. तिच्या माद्या एकोणीस वर्षांत एकशे सत्तरच्या वर गेल्या नव्हत्या. त्यांना कुठून तरी औषध चाटायला मिळालं होतं, एवढाच याचा अर्थ. तिनं पानं हुंगली, पाणी हुंगलं, पिंजऱ्यांच्या जाळ्या हुंगल्या. काहीच लागेना. शेवटी घरी जायला म्हणून अंगातला एप्रन काढला आणि तोही हुंगला. काखेपाशी अगदी बारीक, गोडसर वास होता. एप्रन ती रोज घरी नेऊन धूत असे आणि कपाटात ठेवत असे.

नवरा भिंग डोळ्याला लावून घड्याळ उघडून बसला होता.

"अहो, कपाटात काय मारलंत?"

"कुठल्या कपाटात?" तो म्हणाला, आणि तिथंच फसला. घरात कपाट एकच होतं.

"थोडंसंच फवारलं गं. तुला वास येऊ नये म्हणून रोज अगदी थोडंसं."

"झुरळं मेली?"

"नाही. उलट वाढल्यासारखी वाटतात."

आत्याला सगळा उलगडा झाला. एकच आशा होती. अडीअडचणीला म्हणून ती अधूनमधून कोषांचा एक डबा प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये ठेवून देई. शेवटचा डबा सतरा तारखेचा. फवारणी त्याआधी सुरू झाली असेल, तर दोनशे ऐंशी पिढ्या पाण्यात. पण तारखेच्या बाबतीत या माणसाची स्मरणशक्ती म्हणजे आनंदच होता.

"कधीपासून मारताय?"

"सतरा तारखेपासून. संध्याकाळी सातपासून."

"नक्की? तुम्हाला तर आपल्या लग्नाची तारीखसुद्धा..."

"तीच," तो घड्याळातून मान वर न करता म्हणाला. "या वर्षी लक्षात ठेवली होती. केक आणला होता. सात वाजले तरी तुझा पत्ता नाही, आणि केकवरून झुरळ गेलं. मग मलाही राग आला. उठलो आणि कोपऱ्यावरून फवारा घेऊन आलो."

त्या दिवशी सातला आत्या फ्रिजपाशी उभी राहून डब्यावर स्वतःच्या हातानं तारीख लिहीत होती. एप्रन सकाळचा, स्वच्छ. वंश वाचला होता. तिला आनंद व्हायला हवा होता, पण आधी लाज वाटली, आणि चांगलीच वाटली.

दुसऱ्या दिवशी तिनं मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम चिडल्या, अहवाल पुढे ढकलला, खराब झालेल्या सगळ्या अळ्या नष्ट करायला लावल्या. आत्यानं ते स्वतः केलं आणि दिवसभर जेवली नाही. मग डब्यातले कोष बाहेर काढले, पतंग निघाले, माद्यांनी एकशे अठ्ठावन्न अंडी घातली. एप्रन आता प्रयोगशाळेतच धुतला जाऊ लागला.

ती अंडी मोजून झाली, त्या संध्याकाळी ती सहालाच केक घेऊन घरी आली. कपाट रिकामं केलं आणि फवारा स्वतःच्या हातानं अर्धा संपवला. "मारायचं तर पुरतं मारावं," ती म्हणाली. मग केक कापता कापता थांबली.

"अहो, त्या दिवशीच्या केकचं काय केलंत?"

"तू आल्यावर तुला दिला की. छान आहे म्हणालीस. कसला, ते नाही विचारलंस."

आत्यानं सुरी खाली ठेवली. "झुरळ फिरलेला?"

"छे, तो तुकडा मी आधीच खाल्ला होता," नवरा म्हणाला आणि केकसाठी पुढं केलेली बशी तशीच धरून बसला.