मंगळवारचं पाणी

देवीशी खोटं बोलायला मोठी छाती लागते म्हणतात. माझी काही तेवढी मोठी नाही. मला फक्त ऑफिसातल्या बाथरूमची चावी मागायची लाज वाटायची. देवासच्या बाजारात तिसऱ्या मजल्यावर आमचं विम्याचं ऑफिस, त्यात मी एकटी बाई. बाथरूम तळमजल्यावर मागच्या अंगाला आणि चावी गेटवरच्या चौकीदाराकडे. तिथे कायम चार पुरुष गप्पा छाटत बसलेले. त्यांच्यादेखत चावी मागायची म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून सकाळी घरून निघाले की संध्याकाळपर्यंत मी दोन घोट पाण्यावर काढायची. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यातच बाळ आलं आणि दोन दिवसांत गेलं. देवासमोर हात जोडत होते, पण तो ऐकतो यावरचा विश्वास उडाला होता. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी आनंदापेक्षा भीतीच जास्त पोटात घेऊन फिरत होते. पाण्याची सवय मात्र तशीच होती.

सातवा लागला तशा सासूबाई धारहून माझ्याजवळ राहायला आल्या. जन्म शाळेत शिकवण्यात गेलेला, त्यामुळे नजर तपासनिसाची. डब्याबरोबर दिलेली पाण्याची बाटली रोज भरलीच परत येते, हे त्यांनी तिसऱ्याच दिवशी पकडलं. खरं सांगायची लाज वाटली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "देवीला बोलले आहे. बाळ येईपर्यंत दिवसाउजेडी पाणी घेणार नाही." त्यांचा चेहरा उतरला, पण देवीचं नाव आल्यावर त्यांनी हात जोडले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनीही दिवसा पाणी सोडलं. "तू एकटी कशी गं तहानलेली राहशील? मी आहे ना सोबतीला," म्हणाल्या. सत्तरीची बाई माझ्या थापेपायी तहानलेली राहात होती आणि मी ते चालू दिलं. हे लिहितानाही मान वर होत नाही.

एका मंगळवारी मी अर्धी रजा घेतली आणि आम्ही दोघी देवीच्या टेकडीवर दर्शनाला निघालो. सकाळपासून कंबर दुखत होती. पोट घट्ट व्हायचं, सैल पडायचं, पुन्हा घट्ट व्हायचं. उभं राहून फायली लावल्याचा परिणाम असेल, असं मी धरून चालले होते. पायथ्याशी चुनरी-नारळ विकणाऱ्या एका बाईच्या दुकानापुढे मी खालीच बसले. तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं. "बाई, दरद रुक-रुक के आवे कई?" दुखणं थांबून थांबूनच येत होतं. मी मान हलवली. तिने माठातून लोटा भरला. मी म्हटलं, "व्रत है." ती माझ्यावर खेकसलीच, पोटातल्या बाळाला तहानलेलं ठेवायला देवीने कधी सांगितलं म्हणून. "माता ने कद कियो के पेट का बच्चा के तिरस्यो राख? पी ले! ने सीधी अस्पताल जा, दरसन फेर करजे." सासूबाईंनी त्या बाईकडे पाहिलं, मग वर कळसाकडे पाहिलं, आणि लोटा स्वतःच्या हाताने माझ्या तोंडाला लावला. पायरीला हात लावून आम्ही तशाच रिक्षात बसलो.

दवाखान्यात तपासलं तर कळाच सुरू झाल्या होत्या. लघवीत जंतुसंसर्ग होता आणि अंगातलं पाणी आटलेलं. डॉक्टरीणबाई सलाईन लावता लावता रागावत होत्या. "शहरातल्या नोकरीवाल्या बायकांचं मी हेच बघते. पाणी प्यायचं नाही, लघवी दाबून ठेवायची, दुपारचा डबा चारला, रक्त कमी, बीपी कधी तपासलेलं नाही, आणि अवघडलेपणी दिवसभर उभं राहायचं. मग मूल लवकर आलं की म्हणायचं, नशीब!" थोडा जरी उशीर झाला असता तर कळा थांबवता आल्या नसत्या, असं त्या म्हणाल्या. पहिल्या वेळचं कारणही हेच असेल का, असं मी विचारलं. "तेव्हाचं आता सांगता येणार नाही," एवढंच त्या हळू आवाजात म्हणाल्या.

कळा थांबल्यावर मी सासूबाईंचा हात धरून सगळं सांगून टाकलं. नवस खोटा, चावी खरी. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "अगं वेडे, सरदारपूरच्या शाळेत मी उभा जन्म असाच काढला. वाटायचं, बाईने हे सोसायचंच असतं. मीच कधी तोंड उघडलं नाही, तू कुठून शिकणार?" मग आम्ही दोघी एकाच पेल्यातून पाणी प्यायलो आणि रडता रडता हसलोही.

पुढचे सहा आठवडे मी डॉक्टरीणबाई सांगतील तशी वागले. मुलगी थोडी आधीच आली, चिमुकली होती, पण असा टाहो फोडला की सासूबाई म्हणाल्या, "ही चावी मागायला लाजणार नाही!"

सव्वा महिन्यानंतर तिला घेऊन टेकडीवर गेलो. पायथ्याच्या त्या बाईला मी वाकून नमस्कार केला. तिला मी आठवतच नव्हते. "म्हूं तो सबके पाणी पिलाऊं," म्हणत तिने आमच्यापुढे लोटा धरला. ती देवीच होती का, हे मी स्वतःला विचारत नाही. तहानलेलीला ओळखणारं कुणीतरी वाटेत बसवलेलं होतं, एवढ्याने माझं मन भरून येतं. देवीला मी खोटं व्रत वाहिलं होतं. तिने ते घेतलं नाही, माझी लाज तेवढी काढून घेतली.

तो मंगळवार मी आता रोज पाळते. भरलेली बाटली टेबलावर ठेवते, दुपारपर्यंत संपवते, आणि खाली उतरून त्या चार जणांदेखत चौकीदाराला मोठ्याने म्हणते, "भिया, चावी देना!"