कपाटातली बंदूक

शेलार गावाजवळच्या आमच्या गोदामाच्या गेटवर जे माजी सैनिक पहाऱ्याला असतात, त्यांना सगळे फौजीच म्हणतात. बोलणं मोजकं, ‘हाय’ नाहीतर ‘न्हाय’. डबा खातानाही ते उभेच असतात.

मध्यंतरी त्यांच्या नैराश्यावर डॉक्टरांनी नवा उपचार सुरू केला. डोक्याजवळ चुंबक धरून मेंदूला चेतना द्यायची. खर्च माजी सैनिकांच्या सरकारी योजनेतून व्हायचा. फौजी हळूहळू खुलले. ट्रकवाल्यांशी हिंदीत थट्टा करू लागले, वज्रेश्वरीहून येताना एकदा आम्हाला पेढेही आणले. मग मंजूर झालेला उपचार संपला. काही दिवसांनी त्रास परतला, पण पुढची मंजुरी येईना. फौजी पुन्हा गप्प झाले.

एका सकाळी ते ऑफिसात माझ्या टेबलापाशी आले. पहाऱ्याच्या बंदुकीतली काडतुसं काढून त्यांनी बंदूक आणि काडतुसं दोन्ही माझ्यासमोर ठेवली.

“मॅडम, हे कपाटात ठेवा. मी मागितली तरी चावी देऊ नका.”

“मग ड्युटी?”

“काठी हाय.”

“चोरांची भीती नाही वाटत?”

“चोरांची न्हाय.”

मी कपाटाला कुलूप लावलं. त्यांनी ते दोनदा ओढून पाहिलं आणि मगच गेटवर गेले.